अस्सल पत्रा, नक्कल पत्रा

मंडळी, आपल्या दारात आजोबांच्या वेळची बैलगाडी उभी आहे, असे क्षणभर समजा. तिच्या चाकांची धाव वडिलांनी दोनदा बदलली. आरे खिळखिळे झाले, ते सुताराने नवे बसवले. साटा कुजला तेव्हा बाभळीचा नवा साटा केला. जू किती वेळा बदलले याची तर गणतीच नाही. तरी कोणी विचारले म्हणजे आपण सहज सांगतो, "ही आमच्या आजोबांची गाडी." यात आपण खोटे बोललो का? मुळीच नाही. पण समजा, उद्या शहरातला कोणी हौशी गृहस्थ आला आणि "शंभर वर्षांची जुनी वस्तू" म्हणून दहापट पैसे मोजू लागला, तर त्याला काय सांगाल? इथे मात्र जीभ जरा अडखळते.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते परदेशातल्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींविषयी. आपण म्हणाल, त्या मोटारींचा आणि आमचा संबंध काय? संबंध आहे तो एवढाच, की आपल्या अंगणातल्या गाडीचा जो प्रश्न, तोच तिकडे कोर्टकचेरीपर्यंत गेला. त्यावर मोठमोठे सौदे अडले, आणि त्यातून काही शहाणपणाचे नियमही निघाले. ते शहाणपण बैलगाडीलाही लागू पडते.

स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे बहुधा दोनच माणसांची, जमिनीलगत बसकी, हलकी, वेगवान आणि पुष्कळदा वर पक्के छप्पर नसलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत ब्रिटन, इटली आणि जर्मनीत अशा मोटारी खूप निघाल्या. आता त्या जुन्या झाल्या, पण त्यांचे चाहते जगभर आहेत. इंजिन झिजले तर पिस्टन बदलतात, बेअरिंग बदलतात. त्याला सहसा कोणी नावे ठेवत नाही. परंतु अंगावरचा पत्रा, म्हणजे बॉनेट, मडगार्ड, दरवाजे, बदलला की वाद उभा राहतो. कारण उघड आहे. माणूस जसा चेहऱ्यावरून, तशी मोटार तिच्या अंगलटीवरून ओळखली जाते.

हा पत्रा घडवण्याच्या दोन रीती आहेत. त्या समजल्या म्हणजे पुढचा सगळा वाद नीट उलगडतो.

पहिली रीत हाताची. आपल्याकडचा तांबट जसा भांडे मठारतो, तसा तिकडचा कारागीर ॲल्युमिनियमचा पत्रा रेती भरलेल्या चामडी पिशवीवर ठेवून ठोकतो, मग दोन लोखंडी चाकांच्या मधून पुढेमागे सरकवून त्याला बाक आणतो, आणि लाकडी सांगाड्यावर ठेवून घाट बरोबर आला की नाही ते पाहतो. इटलीत मोदेना इथे स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात फेरारीच्या अनेक मोटारींची अंगे अशीच घडली. हातकाम म्हटले म्हणजे दोन गाड्या तंतोतंत सारख्या व्हायच्या नाहीत. एकाच गाडीचे डावे आणि उजवे मडगार्डही मोजायला गेले तर थोडे वेगळे भरते. आपल्या पाणी तापवायच्या बंबावर जसे मठारकामाचे ठोके दिसतात, तसेच या पत्र्यांच्या आतल्या अंगाला हातोडीचे ठसे सापडतात. फेरारीची २५० जीटीओ नावाची प्रसिद्ध मोटार १९६२ ते १९६४ या काळात अवघी ३६ घडली. त्यांपैकी एक २०१८ साली अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. आता सांगा, एवढी किंमत मोजणारा माणूस बॉनेट उचलून हातोडीचे ठसे शोधणार नाही काय?

दुसरी रीत साच्याची. मोटारी हजारांनी काढायच्या तर हातोडी पुरत नाही. मग बिडाचे जडच्या जड साचे करतात, एक खालचा आणि एक वरचा. मध्ये पोलादाचा सपाट पत्रा ठेवायचा आणि प्रचंड दाबयंत्राने वरचा साचा खाली आणायचा. पहिल्या दाबात पत्र्याला घाट येतो, दुसऱ्यात जादा कड कापली जाते, पुढच्या दाबांत कडा दुमडतात आणि भोके पडतात. अशा पत्र्यांचे तुकडे मग ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडायचे. यात एक मडगार्ड दुसऱ्यासारखेच निघते. मुंबईकरांची लाडकी प्रीमियर पद्मिनी आठवते ना? मूळ मोटार इटलीच्या फियाट कंपनीची, ११०० जातीची. इटलीत ती बंद झाली तरी परवान्याने तिचेच रूप आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात कित्येक वर्षे निघत राहिले, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ते मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावले. साचा, परवाना आणि जाणते हात असले म्हणजे मोटार दुसऱ्या देशातही जन्म घेते. आणि साचा भंगारात गेला म्हणजे तिचा वंशच थांबतो.

आता पत्रा बदलायची पाळी का येते, ते पाहू. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी चाकांनी उडून मोटारीच्या पोटात जाते, सांध्यासांध्यांत बसते आणि पत्रा आतून खाते. कोकणातल्या माणसाला खाऱ्या हवेने दाराचे कोयंडे कसे झडतात ते ठाऊकच आहे. तोच हा प्रकार. वरून रंग चकाकत असतो आणि आत नुसती तांबूस भुकटी उरलेली असते.

त्यात भर पडली ती नव्या बांधणीची. पूर्वी मोटारीला खाली भक्कम पोलादी चौकट असे आणि वर अंग बसवलेले असे, बैलगाडीत आखावर साटा असतो तसे. पुढे ती चौकट काढून टाकली आणि पत्र्याचे अंगच सगळा भार घेईल अशी रचना आली. १९६२ साली ब्रिटनच्या एमजी कंपनीने काढलेली एमजीबी ही दोन आसनी मोटार या जातीची. तिच्या दरवाज्याखाली जी पट्टी असते तिला आपण उंबरठा म्हणू. घराच्या उंबरठ्यावर घर उभे नसते, पण या मोटारीचा उंबरठा म्हणजे तिचा कणा. वर छप्पर नाही, तेव्हा सगळा ताण या पोकळ, आत पडदा घातलेल्या पट्टीवर. ती गंजली की गाडी मधोमध खचते आणि दरवाजा लागेनासा होतो. आधाराला टेकू न देता ती कापली तरी तेच होते.

अशा वेळी मालकाने करायचे काय? त्याच्यापुढे चार वाटा असतात. जुन्या पत्र्याला ठिगळ लावायचे. मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा पत्रा काढून आणायचा. कारखान्याच्या गोदामात पडून राहिलेला कोरा जुना भाग मिळाला तर तो घ्यायचा. किंवा बाजारात कोणी नव्याने केलेला नकली भाग आणायचा.

नकली भागात सगळेच वाईट असते असे नाही. पण त्याचा स्वस्तातला प्रकार कसा होतो तो ऐका. मूळ साचा हाती नसलेला कारागीर एखादे जुने मडगार्ड नमुना म्हणून घेतो. त्या मडगार्डाला कधी तरी ठोकर लागलेली असते, कोणी ते सरळ केलेले असते. नमुन्याची ती चूक नव्या भागात उतरते आणि मग पुढच्या प्रत्येक भागात उतरत जाते. वर्गात एका मुलाने चुकीचे उत्तर लिहावे आणि सगळ्या बाकाने ते उतरवून घ्यावे, तसेच हे. धारदार कड बोथट होते, भोके जुळत नाहीत, दरवाज्याची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते. मग तिथे लांबी भरायची आणि वरून रंग मारायचा. काही ठिकाणी तर कुजक्या उंबरठ्यावरच नवा पत्रा चिकटवून देतात. बाहेरून गाडी नवी कोरी दिसते, पण आतला कणा पोकळच राहतो. इथे प्रश्न हौसेचा उरत नाही. अशा गाडीत बसणाऱ्याचा जीव त्या पत्र्यावर अवलंबून असतो.

एमजीबीच्या बाबतीत यातून एक वेगळीच वाट निघाली. ही मोटार १९६२ पासून १९८० पर्यंत निघत होती. एकंदर संख्या पाच लाखांच्या वर गेली आणि त्यांतल्या पुष्कळशा अमेरिकेत गेल्या. १९८० च्या शरद ऋतूत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावचा कारखाना बंद झाला. कारखाना बंद झाला म्हणजे साच्यांचे काय होते? ते जागा अडवतात, गंजतात आणि शेवटी भंगारच्या भावाने जातात. पण याच उद्योगसमूहाने १९७५ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची एक शाखा काढली होती. जुन्या मोटारींच्या मालकांना शक्य तिथे मूळ साच्यांवरचे भाग पुरवावेत, हा तिचा हेतू. या शाखेचे प्रमुख डेव्हिड बिशप यांनी एमजीबीचे जुने साचे मिळवण्याचा ध्यास घेतला. जे मिळाले ते दुरुस्त करून घेतले, जे नव्हते ते नवे केले, आणि १९८८ साली ऑक्सफर्डशायरमधल्या फॅरिंग्डन गावी एमजीबीचा संपूर्ण पत्र्याचा सांगाडा पुन्हा तयार होऊ लागला. मालकाने आपल्या कुजलेल्या गाडीतून इंजिन, गिअरपेटी, चाके, आसने काढायची आणि या नव्या अंगात बसवायची. पुढे १९९२ साली रोव्हर कंपनीने याच सांगाड्यात फेरफार करून एमजी आरव्ही-८ ही मोटार बाजारात आणली. मेलेले साचे असे जिवंत झाले.

आता मला सांगा, १९८८ नंतर मूळ साच्यावर निघालेले हे अंग अस्सल की नक्कल? एक पक्ष म्हणतो, साचा तोच, घाट तोच, तेव्हा हे अस्सलच. दुसरा म्हणतो, पोलाद नवे, काळ नवा, कामगार नवे. हे अस्सल कसे? ब्रिटनच्या वाहन नोंदणीच्या नियमांनी अनेक वर्षे मधला मार्ग धरला होता. मूळच्याच धर्तीचे नवे अंग घेतल्याचा कागद असेल आणि इंजिन, आस, गिअरपेटी यांसारखे आणखी दोन मुख्य भाग जुन्या गाडीचे असतील, तर तिला जुना नोंदणी क्रमांक ठेवता येत असे. म्हणजे सरकारने पत्र्याकडे पाहिले, आणि त्याबरोबर कागदाकडेही पाहिले. ही कागदाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

काही कारखान्यांनी तर कागदाचे काम पत्र्यावरच करून ठेवले होते. जर्मनीची पोर्शे ३५६ ही मोटार १९४८ ते १९६५ या काळात झाली. तिचे दरवाजे आणि झाकणे त्या त्या अंगाला हाताने घासूनपुसून बसवत. एकाचा दरवाजा दुसऱ्याला नीट बसत नसे. म्हणून कारखान्यात त्यांची अदलाबदल होऊ नये यासाठी गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे या भागांवर ठोकून ठेवत. आपला सुतार नाही का, चौकटीच्या सांध्यांवर पटाशीने खुणा करून ठेवतो? खूण सोयीसाठी केली, पण साठ-सत्तर वर्षांनी तीच साक्षीदार झाली. आज कोणी पोर्शे विकायला काढली की जाणता गिऱ्हाईक आधी दरवाज्यावरचा आकडा आणि गाडीचा क्रमांक ताडून पाहतो.

पण मूळ कंपनीनेच पुन्हा मोटार केली तर? हेही घडले. ब्रिटनच्या जॅग्वार कंपनीने १९५७ साली आपल्या शर्यतीच्या डी-टाइप मोटारीवरून एक्सकेएसएस नावाची रस्त्यावरची मोटार काढली. फेब्रुवारी १९५७ मध्ये कॉव्हेंट्री शहरातल्या तिच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि त्यात नऊ मोटारी जळाल्या. ठरलेल्या २५ पैकी १६ च पुऱ्या झाल्या. तब्बल ५९ वर्षांनी, २०१६ साली, त्या जळालेल्या नऊ मोटारी पुन्हा घडवण्याचे जॅग्वारने जाहीर केले. जुन्या गाड्या बारकाईने मोजल्या, त्यांवरून नवा सांगाडा केला आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा जुन्याच रीतीने हातांनी घडवला. हात कंपनीचेच, रीत जुनीच, नावही तेच. तरी जुन्या सोळांतली एक आणि नव्या नवांतली एक शेजारी ठेवली तर दोन्ही सारख्या मोलाच्या, असे कोणी म्हणत नाही. सोळांनी तो काळ पाहिला आहे, नवांनी पाहिलेला नाही. कंपनीनेही नव्या गाड्या नव्या म्हणूनच जाहीर केल्या, हे तिला शोभून दिसले.

आता कोर्टातली गोष्ट. बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने गाजलेली एक मोटार होती. फ्रान्समधल्या ल माँ इथली चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ साली जिंकली आणि १९३० साली पुन्हा जिंकली. मग तिच्यात बदल होत गेले. शर्यतीच्या गाडीचे जिणेच तसे, आज हे मोडले, उद्या ते सुधारले. तिला मोठे इंजिन बसवले गेले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला आणि तिचा चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडला. त्यानंतर ती पुन्हा उभी केली गेली ती निराळेच, बंद छपराचे अंग लावून. १९९० साली तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. पण घेणाऱ्याने हात आखडता घेतला. त्याचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे. जिंकली तेव्हाचा पत्रा नाही, इंजिन नाही. मग उरले काय?

प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गेले. त्यांनी एकेक भागाचा हिशेब मांडला. १९२९ साली धावलेल्या गाडीतले जवळजवळ काहीच उरलेले नाही, हे त्यांनी मान्य केले. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा, की ही गाडी एका दिवसात मोडून दुसरी केलेली नाही. भाग हळूहळू बदलत गेले, प्रत्येक वेळी नवा भाग जुन्या गाडीत मिसळून गेला, आणि ती गाडी नाहीशी झाली असे म्हणता येईल असा क्षण मधे कुठे आलाच नाही. तिच्या नावाने उभी राहिलेली दुसरी गाडीही नाही. तेव्हा पत्रा मूळचा नसला तरी ‘ओल्ड नंबर वन’ ती हीच.

मंडळी, आपल्या बैलगाडीला इथे उत्तर मिळाले, नाही का? पण निकाल काय म्हणतो ते नीट पाहा. काही बदलले तरी चालते, असे तो म्हणत नाही. प्रत्येक बदल केव्हा आणि कसा झाला हे पुराव्यानिशी दाखवता आले, म्हणून ती गाडी तरली. कागद नसता, तर तोच पत्रा खोटा ठरला असता.

खोट्याचा धंदाही चालतोच. जुन्या मोडक्या गाडीचा एक तुकडा आणि क्रमांकाची पट्टी हाती घ्यायची, बाकी सारे नवे घडवायचे आणि जुने म्हणून विकायचे, असे प्रकार झाले आहेत. याच्या उलट दुसरीही चूक होते. अगदी चांगला जुना पत्रा, केवळ त्यावर दोन ओरखडे आहेत म्हणून, काढून फेकायचा आणि गुळगुळीत नवा बसवायचा. पहिल्यात गिऱ्हाइकाची फसवणूक होते. दुसऱ्यात इतिहास पुसला जातो. त्या ओरखड्यात, त्या जुन्या झाळीत, कारखान्यातल्या कामगाराच्या हाताची जी खूण होती ती एकदा गेली की पुन्हा यायची नाही. मडगार्ड नवे मिळते, पण ज्याने ते १९६० साली ठोकले तो माणूस मिळत नाही.

या दोन्ही चुका टाळाव्यात म्हणून जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२-१३ च्या सुमारास एक सनद स्वीकारली. तिला तुरिनची सनद म्हणतात. जुन्या इमारतींसाठी १९६४ साली व्हेनिस इथे जी सनद झाली होती, तिच्यावरून ही बेतली आहे. तिचे सार आपल्या भाषेत असे सांगता येईल: जेवढे वाचेल तेवढे जुने वाचवा, बदलणे भागच पडले तर मुळाला साजेसे बदला, नव्या भागावर नवेपणाची टिकाऊ खूण करा, आणि काय केले ते लिहून ठेवा. यात नक्कल भागाला बंदी नाही. बंदी असलीच तर लपवाछपवीला आहे.

मला वाटते, सगळ्या वादाचा गाभा इथेच आहे. कुजलेल्या उंबरठ्याची गाडी ‘अस्सल’ म्हणून चालवणे हा वेडेपणा होय, तिथे चांगला नवा पत्रा घातलाच पाहिजे. पण तो घातला हे सांगायला लाज कसली? सांगितले की तो दुरुस्तीचा भाग झाला, लपवला की तोच पत्रा खोटा झाला. दोहोंत फरक पडतो तो सांगणाऱ्याच्या तोंडाने.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. इतिहासाच्या तासाला मुलांना एक काम द्या. घरातली एखादी जुनी वस्तू निवडायला सांगा, जाते म्हणा, पेटी म्हणा, शिवणयंत्र म्हणा, गाडी म्हणा. तिचा कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, कोणी बदलला, केव्हा आणि का, हे आजीआजोबांना विचारून एका कागदावर लिहून आणू द्या. जिथे नक्की ठाऊक नसेल तिथे जागा कोरी सोडू द्या, अंदाजाने भरू देऊ नका. पुरावा म्हणजे काय, हे त्या एका कागदावरून मुलांना जेवढे समजेल तेवढे दहा धड्यांनी समजणार नाही.

आणि तो शहरातला गृहस्थ गाडी पाहायला आलाच, तर त्याला ओसरीवर बसवा, पाणी द्या आणि तो कागद त्याच्या हाती ठेवा. आख आजोबांचा, धाव वडिलांनी बदललेली, साटा आमच्या हातचा. मग तो जी किंमत सांगेल ती त्या गाडीची खरी किंमत.